दोघींचं वजन

एकटीला वर नेता येत नाही,
जोनेल म्हणाला. तू हलकी पडशील मावशी,
आजच्या वाऱ्यात पतंग व्हायचा तुझा.
जोडीला कुणीतरी हवं.
आणि त्यानं शेजारी आणून बसवली
त्याची आई,
माझी थोरली बहीण, पुरिता,
जिचं तोंड मी अकरा वर्षं पाहिलं नव्हतं.

सात किलोमीटरचं बेट आमचं.
तेवढ्यात कुणाचं तोंड चुकवायचं
म्हणजे रोजचे कष्ट.
मासळीच्या ओट्यावर ती दिसली
की त्या दिवशी माझ्याकडे अंडी.

सकाळचं कोरियातलं नवं जोडपं
पोट बिघडून हॉटेलातच झोपलं,
बोटीत तेल तर भरलेलं.
मला म्हणाला, फुकट आहे, चल.
तिला काय म्हणाला, मी विचारलं नाही.

पट्टे आवळले. कड्या अडकवल्या, कट्, कट्.
खांद्याला खांदा लागला.
तिनं सपाता काढून बोटीत ठेवल्या.
मीही.
दोन्ही जोड निळे, एकाच दुकानातले.

मग दोर सुटत गेला
आणि बोट, जोनेल, सपाता,
सगळं पायाखालून सावकाश निघून गेलं.

मला वाटलं होतं, मी किंचाळेन.
वर इतकं शांत असतं
हे कुणी सांगितलंच नव्हतं.
फक्त डोक्यावर कापडाची फडफड,
ती माझ्या ओळखीची.
बत्तीस वर्षं हॉटेलांच्या चादरी धुते मी.
अमिहान सुटला की दोरीवर अशाच फुगतात,
चिमट्यांतून निसटू बघतात
आणि मी धावत जाऊन धरते.
आज मीच चिमट्यात.

खाली पाणी:
काठाशी तांदळाच्या धुवणाचं,
पुढे केळीच्या कोंबाचं,
आणि मग एकदम
शाळेतली दौत सांडावी तसं.
दोन्ही किनारे एका नजरेत मावले.
मधे बारीक, टोकांना जाड,
कुत्र्यानं चघळून टाकलेल्या हाडासारखं दिसलं बेट.
ह्या हाडासाठी आम्ही.

आईची जागा शोधायला लागले.
चौदा नारळ होते, एक विहीर,
विहिरीच्या कठड्यावर माझा तुटलेला दात पुरलेला.
थोरलीची सही चालते म्हणाले होते वकील.
तिनं केली.
मला कळलं ते कुंपण उभं राहिल्यावर.

सापडली जागा.
निळा तलाव पोहायचा, मूतखड्याच्या आकाराचा,
भोवती छत्र्या,
आणि तीन नारळ, शोभेला ठेवलेले.

पुरिताकडे पाहिलं.
तिनं डोळे घट्ट मिटलेले,
दोन्ही मुठी पट्ट्यावर पांढऱ्या,
ओठांवर काहीतरी पुटपुट, बहुधा मेरीमातेला.
मोठमोठ्या बायकांशी भांडणारी ही,
कागदावर एका झटक्यात नाव लिहिणारी ही.

काय दिसतंय, तिनं विचारलं.
अकरा वर्षांनी तिचा आवाज,
थोडा घोगरा झालाय.

पाणी दिसतंय, मी म्हणाले.
पुढे?
पुढे आईची जागा.
वारा मधेच थांबल्यासारखा झाला,
छत्री किंचित खाली आली.
नारळ आहेत?
आहेत.
सगळे?
सगळे, मी म्हणाले.
आणि विहीर?
डावीकडे, कोपऱ्यात.

उजवीकडे होती विहीर, ती म्हणाली,
डोळे न उघडता.
तुला कधी दिशा कळल्या नाहीत.

जोनेलनं दोर ओढला.
मुद्दाम आमचे पाय पाण्यात बुडवले एकदा,
गिऱ्हाइकांचे बुडवतो तसे,
आणि दोन म्हाताऱ्या एकदम ओरडल्या,
शिवी एकच, आईकडून शिकलेली.

किनाऱ्याला लागल्यावर ती काही बोलली नाही.
सपाता पायात सरकवल्या
आणि वाळूतून भराभर चालू पडली.
माझ्या सपाता.

हाक मारणार होते.
मग राहिलेला जोड बघितला:
डाव्या अंगठ्याजवळची पट्टी तुटायला आलेली,
खिळा घालून सांधलेली.
घरी पोचेल तेव्हा येईल तिच्या लक्षात.

गच्चीवर चादरी अजून ओल्या होत्या.
तिची सपाता फटफटत
मी वर चढले.